महारेराचे संकेतस्थळ आणि वाघोलीतला फ्लॅट

वाघोली, मांजरी, म्हाळुंगे अशा पुण्याच्या कडेच्या भागांत फ्लॅट पाहणाऱ्याने बुकिंगची रक्कम भरण्याआधी महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, संकेतस्थळ अवश्य उघडावे. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा झाल्यामुळे नगर रस्त्यावरच्या फलकासमोर उभे राहूनही प्रकल्पाची नोंद मोबाइलवर पाहता येते. प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाखाली मंजूर नकाशा, चटई क्षेत्र (घराच्या आतली वापरण्याजोगी जागा), जमिनीवरचा बोजा (कर्ज, गहाण वगैरे), न्यायालयीन दावे व प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख मिळते. विक्री कार्यालयातला तरुण ‘पुढच्या दिवाळीला ताबा’ असे सांगत असेल, तर ही तारीख त्याच्यासमोरच उघडून दाखवावी. संभाषणाचा सूर लगेच बदलतो. माहितीपत्रकातले क्लब हाउस मंजूर नकाशात आहे का, हेही तिथेच पडताळावे.

मात्र ही सगळी माहिती प्रकल्पाच्या कुंपणापाशी थांबते, आणि शहराच्या कडेला खरा खर्च कुंपणाबाहेरच असतो. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली, तोवर तिथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले होते. जलवाहिन्या आणि सांडपाण्याची व्यवस्था त्यांच्या मागून रखडत येत आहे. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत आपण सोय करू, असे हमीपत्र विकासक बांधकाम परवानगीच्या वेळी देतात. सोसायटी स्थापन झाली की टँकरचे बिल बहुधा देखभाल शुल्कात येऊन बसते. कोथरूडपेक्षा स्वस्त वाटलेल्या घराची किंमत अशी महिन्यामहिन्याला वसूल होत राहते, आणि ती आधी दिसत नसल्यामुळेच शहर आणखी पुढच्या शेतजमिनींवर पसरत जाते. गृहनिर्माण धोरणाच्या चर्चेत चटई निर्देशांकाचा, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचा, जेवढा खल होतो, त्याच्या निम्म्यानेही या छुप्या खर्चाचा होत नाही.

प्रकल्पाच्या नोंदीत पाण्याचा स्रोत, पोहोच रस्त्याचे भूसंपादन आणि जवळचा पीएमपी बसथांबा यांसाठी ठळक रकाने सक्तीचे करायला हवेत. तोवर पाण्याच्या हमीपत्राची प्रत विकासकाकडे लेखी मागावी आणि शेजारच्या जुन्या सोसायटीच्या सचिवांना मे महिन्यातले टँकरचे बिल विचारावे.