हजारांचं मशीन, दमडीची क्लिप: गॅसशिवायचं मिग वेल्डिंग मशीन आणि मामाची पद्मिनी

सुरुवातीला दोन तारे दिले होते, मग चार केले, आता तीनवर आलोय. मशीनचं नाव मुद्दाम घेत नाही. निळ्या, पिवळ्या, लाल रंगात वेगवेगळ्या नावांनी हे मशीन मिळतं आणि मी ज्यांची झाकणं उघडलेली पाहिली ती आतून सख्खी भावंडं निघाली. सिंगल फेजवर, गॅसच्या टाकीशिवाय चालणारं, दहा हजारांच्या आतलं मिग मशीन म्हटलं की घेणाऱ्याला कळतं. (मिग म्हणजे हातातल्या टॉर्चमधून तार आपोआप पुढे येते आणि वितळून जोड भरते ते वेल्डिंग.) ऍम्पिअर, ड्युटी सायकल (न थांबता किती वेळ चालवता येतं ते) वगैरे खोक्यावर छापलेलं असतं, तिथेच वाचा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा फार मनावर घेऊ नका, एवढंच सांगतो.

आता हे कशासाठी घेतलं ते. मामाची प्रीमियर पद्मिनी सहकारनगरच्या बंगल्यात पोर्चमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी होती. ताडपत्रीने पाऊस अडवला, पण खालची ओलही बाहेर जाऊ दिली नाही. वरून गाडी बरी दिसायची. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली आणि पोर्चची फरशी दिसली. मॅटखालच्या फेल्टने पाणी धरून ठेवलं होतं. मामा म्हणत होता, "अरे, जुना पत्रा आहे, आजच्या गाड्यांसारखा कागद नाही." पटाशी नुसती टेकवली तर आरपार गेली. मामा मग चहा टाकायला आत गेला.

नाना पेठेतल्या ओळखीच्या टिनकामवाल्याने तळ आणि दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पेट्या करायचा जो आकडा सांगितला, त्यावर मामाचं उत्तर होतं, "एवढ्यात मी चालू पद्मिनी घेईन." दुसरा एक जण निम्म्यात करायला तयार होता. गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवायचा, रिबिटा मारायच्या, वरून डांबर. म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचायची कायमची सोय. वेल्डिंगचा मला काडीचा अनुभव नव्हता, पण हिशेब करता येतो. मशीन, तार, डोळ्यांपुढची काळी काच, ग्राइंडर आणि पत्रा सगळं मिळूनही स्वस्तातल्या टिनकामवाल्याच्या आकड्याच्या खूप खाली राहत होतं.

शेजारच्या काकांनी त्यांचं साधं सळईचं मशीन देऊ केलं होतं, तेही फुकट. नाही घेतलं. गेट आणि ग्रिलला ते उत्तम. पण या तळाला लागतो २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा पत्रा, आणि त्यावर नवशिक्याने अडीच मिलिमीटरची सळई टेकवली की जोड बाजूला राहतो आणि भोक पडतं. मिगमध्ये तार बारीक असते, करंट खाली आणता येतो, एका हाताने काम होतं. पातळ पत्र्याला तेच हवं.

पहिले दोन तारे कशामुळे, ते आता ऐका. या मशीनची तार पोकळ असते आणि आत पावडर भरलेली असते. ती जळून धूर होतो आणि तोच जोडाला हवेपासून वाचवतो, म्हणून गॅस लागत नाही. या तारेसाठी टॉर्च ऋण टोकाला आणि अर्थिंग, म्हणजे पत्र्याला क्लिपने लावायची परतीची केबल, धन टोकाला लागते. गॅसवरच्या भरीव तारेला बरोब्बर उलटं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'गॅसलेस', सोबत दिलेली तार गॅसलेस आणि आतली जोडणी मात्र गॅसची! पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. चालू केलं की ठिणग्यांचा पाऊस, पत्र्यावर फुगलेल्या गोळ्या आणि हातोडीने टकटक केली की गोळ्या सुट्या. तार बसवायचं झाकण उघडलं की आत दोन बोल्ट दिसतात, शेजारी अधिक-उणेची खूण असते. तिथे अदलाबदल करायची, पाच मिनिटांचं काम. आधी प्लग काढा, हे सांगायला नको.

एवढं करूनही काम धड होईना आणि इथे मी मूळ मुद्द्यावर येतो. अर्थिंगची क्लिप.

मला या क्लिपबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण बाकी कोणी बोलत नाही. सगळे टॉर्चबद्दल लिहितात, डिस्प्लेबद्दल लिहितात. अहो, टॉर्चमधून जेवढा करंट जातो तेवढाच्या तेवढा त्या क्लिपमधून परत येतो. तिथे अडला की सगळीकडे अडला. आणि सोबत जी क्लिप येते ती म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याला तांब्याचा मुलामा. पातळ पत्र्याची, स्प्रिंग ढिली, आणि दोन जबड्यांपैकी एकालाच केबल जोडलेली. दुसऱ्या जबड्याकडे करंट जाणार तो त्या स्प्रिंगमधून आणि खिळ्यातून. चांगल्या क्लिपला दोन्ही जबडे जोडणारी तांब्याची वेणी किंवा पट्टी असते, इथे ती नाही. केबलचं टोक नुसतं दाबून बसवलेलं, ओढलं की हलतं. थोडं काम केलं की क्लिप हाताला चटका देते. जी उष्णता जोडात हवी ती तिथे चाललेली असते. जोडाच्या टोकाला मग फट्-फट् आवाज, तार पत्र्याला टोचते, विझते, पुन्हा पेटते. नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे. तो व्हिडिओ बघत बसतो, तारेचा वेग बदलत बसतो, करंट वाढवतो आणि भोक पाडतो.

रविवार पेठेत वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे पितळी क्लिप मागितली. त्याने न विचारताच सांगितलं, "मशीनबरोबरची फेकली ना?" म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त विकणाऱ्या कंपनीला ठाऊक नाही. क्लिप दोनशे वीस रुपयांना पडली, केबलला नवा लग दाबून घेतला तो वेगळा. घरी येऊन जोडाच्या जवळच तळहाताएवढा भाग ग्राइंडरने चकचकीत केला, कारण गंज आणि रंग दोन्ही करंट नीट जाऊ देत नाहीत. क्लिप लावली, टॉर्च टेकवला आणि पहिल्यांदाच तो सलग तळणीचा आवाज आला. दहा हजारांच्या मशीनमध्ये दोनशे रुपये वाचवून कंपनीने काय कमावलं? माझे दोन तारे.

तर त्या दिवशी चार तारे झाले. आणि खरं सांगायचं तर या किमतीत मशीन चांगलं आहे. पातळ पत्र्यावर सलग ओढायचं नाही, टाके मारत जायचं. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग मध्ये, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. भोक पडायला लागलं तर मागून तांब्याची पट्टी धरायची. जोड तांब्याला चिकटत नाही आणि भोक भरून येतं. पावडरच्या तारेमुळे जोडावर खपली येते, ती प्रत्येक वेळी टोकरून ब्रश मारायचा. कंटाळवाणं आहे, पण गॅसच्या टाकीचं भाडं आणि ने-आण वाचते. उघड्या पोर्चमध्ये वारा असतो, गॅसचं मशीन असतं तर त्या वाऱ्याने गॅस उडवून नेला असता. इथे तो प्रश्न आला नाही.

दाराखालच्या पेट्यांबद्दल मात्र सावध करतो. फियाटने १९५३ साली नवी ११०० काढली तेव्हाच वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) काढून टाकली, आणि पद्मिनी त्याच घराण्यातली. म्हणजे तळ आणि या पेट्या हा नुसता पत्रा नाही, गाडीचा कणाच तो. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाक्यांनी जोडून घ्या, गाडी सगळीकडून टेकलेली असू द्या, आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरी उघडू नका. नाहीतर गाडी मध्ये बसते आणि दार पुन्हा लागत नाही. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर. आणि तळ बदलताना निथळण्याची भोकं बुजवू नका, मूळ दुखणं तिथूनच सुरू होतं.

गंजाचं म्हणाल तर लहान सुट्या भागांना लिंबूसत्व पुरतं. बोहरी आळीत किलोने मिळतं. कोमट पाण्यात रात्रभर बुडवायचं, सकाळी सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच वाळवून प्राइमर. 'लगेच' म्हणजे लगेच. जुलैत मी चहा पिऊन येईस्तोवर स्वच्छ पत्र्यावर तांबूस छटा आलेली असायची. गंज काळा करणारं रसायनही वापरलं, जिथे ब्रश पोचत नाही तिथे. ते गंजाला स्थिर करतं, गेलेला पत्रा परत आणत नाही. त्याच्या जाहिरातीत पोखरलेल्या पत्र्यावर नुसतं फासताना दाखवतात, ते बघून मला अजून राग येतो.

विजेचं थोडक्यात: पंधरा ऍम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. घरातल्या बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं आणि पुन्हा तीच फट्-फट् सुरू होते. गुरुवार धरूच नका, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती त्याच दिवशी. शेजारच्या काकूंनी धुराबद्दल एकदा तक्रार केली, तेव्हापासून दुपारी दोन ते चार ग्राइंडरही बंद. पुण्यात राहायचं तर एवढं पाळावं लागतं.

आणि आता चाराचे तीन कसे झाले. ऐन पावसाळ्यात मशीनने तार सोडणं बंद केलं. मोटर गुणगुणते, तार जागची हलत नाही. उघडून पाहिलं तर तार पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेतल्या, म्हणजे फीडरमधल्या, प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजून गुळगुळीत. वॉरंटी एक वर्षाची, अजून शिल्लक. फोन केला. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा. सगळं पाठवलं. मग प्रश्न आला, "सर, तार आमचीच वापरली होती का?" त्यांची तार सोबत आली होती ती चिमूटभर, ती जोडणी उलटी असतानाच संपली. मग म्हणाले फीडर झिजणाऱ्या वस्तूंमध्ये येतो, वॉरंटीत बसत नाही. कार्डावर त्या यादीत टिप, नोझल, लायनर आणि पुढे 'इतर' असं लिहिलंय. मी विचारलं, मग मोटरही 'इतर'मध्ये येते का, मशीनची पेटी येते का? त्यांनी वरिष्ठांशी बोलून कळवतो म्हणून सांगितलं. कळवलं काय, तर "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे."

मामाला हे सांगितलं तर तो हसला. त्याला वेगळीच चिंता आहे. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्यांना १०,०००. त्यात हरित कर वेगळा. "तू तळ कर रे," म्हणतो, "आरटीओला पैसे देताना माझाच तळ निघेल." पन्नास वर्षं झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तिथेही २०,००० रुपये आहेत आणि मामाची गाडी अजून तेवढी म्हातारी नाही. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून कुर्ल्याहून येणारे सुटे भाग महाग झाल्याचं गाऱ्हाणंही तो मलाच ऐकवतो.

घ्यावं का? पत्र्याचं काम असेल, घाई नसेल आणि पहिल्याच दिवशी क्लिप बदलणार असाल तर घ्या. चासीच्या जाड लोखंडासाठी किंवा रोज धंद्यासाठी नको. पेटीच्या महत्त्वाच्या जोडांवर शेवटचा हात मी त्याच नाना पेठेतल्या टिनकामवाल्याला घरी बोलावून मारून घेतला. त्याने माझे टाके बोटाने चाचपले, काही बोलला नाही आणि पैसे सांगितल्यापेक्षा कमी घेतले.

ता. क.: कंपनी आता म्हणते, अख्खा फीडर विकत घ्या, मशीनच्या पाव किमतीला. नुसता गिअर देत नाहीत. भोसरीत गिअर कापून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नायलॉनचा करून घेतला, तारेच्या एका रिळाच्या किमतीत. बसला आणि चालतोय. तुमचा झिजला तर जुना टाकून देऊ नका, तो आणि त्याच्या जोडीचा दुसरा गिअर दोन्ही घेऊन जा. फोटो दाखवून तिथे कोणी गिअर कापत नाही.