महापौराला किती पॉवर द्यायची? दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून

शहरात कुठे काही बिघडलं की शिव्या महापौराला बसतात, आणि जगातल्या कितीतरी शहरांत त्या महापौराला एका साध्या इंजिनिअरची बदली करायचाही अधिकार नसतो. दुसऱ्या टोकाला अशीही शहरं आहेत जिथे महापौराच्या मनात आलं म्हणून रात्रीत विमानतळाची धावपट्टी उखडली गेली (खरंच झालंय, पुढे सांगतो). त्यामुळे महापौर थेट लोकांतून निवडायचा का, त्याला व्हेटो (सभागृहाचा ठराव अडवायचा अधिकार) द्यायचा का, असा काही प्रश्न तुमच्यासमोर मतदानाला आला असेल किंवा वादविवादात एक बाजू घ्यायची असेल तर "खमका माणूस हवा" किंवा "हुकूमशाही नको" एवढ्यावर प्लीज ठरवू नका.

बघायचं ते असं की बजेट कोण मांडतो, खातेप्रमुखांना कोण नेमतो आणि कोण घरी पाठवतो, सभागृहाचा ठराव कोणाला अडवता येतो, आणि हाच माणूस उद्या डोक्यावर बसला तर टर्म संपायच्या आत त्याला काढायचं कसं. खरी पॉवर यात असते, बाकी सगळा मानपान.

स्ट्राँग महापौराचं सरळ उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क. तिथे महापौर थेट निवडून येतो, बहुतेक खात्यांचे कमिशनर तोच नेमतो आणि तोच काढतो, बजेटचा मसुदा त्याच्या ऑफिसमधून येतो, कौन्सिलने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या सभागृहाने, केलेला कायदा पटला नाही तर व्हेटो वापरतो आणि तो व्हेटो मोडायला कौन्सिलला दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात. याच्या उलट कौन्सिल-मॅनेजर पद्धत, जी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली ती पक्षांच्या टोळ्यांना आणि वशिल्याच्या नोकरभरतीला लोक वैतागले होते म्हणून. ओहायोमधलं डेटन हे ती पद्धत घेणारं पहिलं मोठं शहर. मार्च १९१३ मध्ये तिथे भयंकर पूर आला, शहर बुडालं, आणि त्याच वर्षी लोकांनी ठरवलं की रोजचा कारभार पुढाऱ्यांकडे नको, पगारी जाणकार मॅनेजरकडे द्यायचा, त्याला कौन्सिलने नेमायचं आणि काम जमलं नाही तर कौन्सिलनेच काढायचं. यात महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो आणि बाकीच्या सदस्यांसारखं एक मत टाकतो. फिनिक्स, सॅन अँटोनियो, डॅलस ही दहा लाखांच्या वरची शहरं आजही अशीच चालतात, म्हणजे ही पद्धत फक्त छोट्या गावांना झेपते असं काही नाही. डॅलसमध्ये २००५ मध्ये महापौराची पॉवर वाढवायचे दोन प्रस्ताव आले आणि लोकांनी दोन्ही पाडले. सॅन डिएगोने मात्र पेन्शन फंडाचा घोळ बाहेर आल्यावर २००४ मध्ये उलटा कौल दिला, २००६ पासून स्ट्राँग महापौर ट्रायलवर ठेवला, मग २०१० मध्ये पुन्हा मत घेऊन ते कायम केलं. आधी ट्रायल आणि मग परत मतदान, हा प्रकार मला फार शहाणपणाचा वाटतो आणि कोणीच तो कॉपी का करत नाही कळत नाही.

स्ट्राँग महापौराच्या बाजूने सगळ्यात भक्कम केस लंडनची. २००० मध्ये तिथे पहिल्यांदा थेट महापौर निवडला, केन लिव्हिंगस्टन, आणि त्याने प्रचारातच सांगितलं होतं की मध्य लंडनमध्ये गाडी आणायची तर पैसे भरावे लागतील. वर्तमानपत्रं तुटून पडली, दुकानदार चिडले, तरी १७ फेब्रुवारी २००३ ला दिवसाला ५ पौंडांचा कंजेशन चार्ज सुरू झाला आणि २००४ मध्ये लोकांनी त्यालाच परत निवडून दिलं. हे एखाद्या समितीने केलं असतं असं मला अजिबात वाटत नाही, कारण समितीत प्रत्येकाला आपला वॉर्ड सांभाळायचा असतो आणि शिव्या खायची तयारी कोणाचीच नसते. शिवाय चुकला असता तर कोणाला पाडायचं हे लंडनकरांना पक्कं माहीत होतं, जबाबदारीला एक चेहरा होता, आणि माझ्या मते एका माणसाला पॉवर देण्याचा सगळ्यात मोठा फायदा वेग नाही, हाच आहे. अर्थात लंडनची असेंब्ली फारच दुबळी आहे हेही खरं, २५ सदस्य, आणि महापौराच्या बजेटमध्ये बदल करायचा तर दोन तृतीयांश लागतात, म्हणजे नुसतं बहुमत असूनही हात बांधलेलेच.

आता शिकागो, इथे जरा थांबतो, कारण या वादात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शिकागोने. गंमत म्हणजे कायद्याच्या कागदावर शिकागो हे कौन्सिल वरचढ असलेलं शहर मानलं जातं, ५० वॉर्डांचे ५० सदस्य, महापौर तसा कमजोर. प्रत्यक्षात तेव्हाचे महापौर रिचर्ड एम. डेली यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी शहरातले सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर एका खाजगी कंपनीला ७५ वर्षांसाठी द्यायचा करार आणला, किंमत १.१५ अब्ज डॉलर. करार जाहीर झाला आणि दोन-तीन दिवसांत कौन्सिलने तो ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला, एवढी जाडजूड कागदपत्रं तेवढ्या वेळात कोण वाचणार सांगा. पुढच्या वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने (पोलीस नाही, पालिकेचा कारभार तपासणारा अधिकारी) हिशेब मांडला की शहराने हे मीटर जवळपास ९७ कोटी ४० लाख डॉलर कमी किमतीला दिले. पैसे तर बजेटची भोकं बुजवण्यात काही वर्षांतच बहुतेक संपले, करार मात्र २०८३ पर्यंत आहे, रस्ता दुरुस्तीला किंवा जत्रेला बंद करून मीटर बंद पडले की शहरालाच कंपनीला भरपाई द्यावी लागते, आणि ज्या मुलांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता ती म्हातारी होईपर्यंत हे असंच चालणार. धावपट्टीचा किस्सा पण यांचाच. मार्च २००३ मध्ये मध्यरात्री बुलडोझर पाठवून तळ्याकाठच्या मीग्स फील्ड विमानतळाच्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या, ना सभा, ना नोटीस, विमानं तिथल्या तिथे अडकली. आज त्या जागेवर बाग आहे आणि ती बाग लोकांना आवडते, पण जो माणूस एका रात्रीत बाग आणू शकतो तोच एका आठवड्यात ७५ वर्षांचे मीटरही विकू शकतो, हे दोन वेगवेगळे अधिकार नाहीत.

मग मॅनेजरकडे कारभार दिला की सुटलो का? नाही. लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं छोटंसं शहर आहे, लोकसंख्या चाळीस हजारांच्याही आत आणि बहुतेक कामगार कुटुंबं. २०१० मध्ये बातमी फुटली की तिथला मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेतोय, आणि अर्धवेळ काम करणारे कौन्सिल सदस्यही लाखाच्या आसपास. हे शक्य कसं झालं तर २००५ मध्ये एक गुपचूप निवडणूक घेऊन शहराने स्वतःचं चार्टर (शहराच्या कारभाराचा मूळ कायदा) करून घेतलं होतं, त्याला चारशे लोकही मतदानाला आले नव्हते. रिझोला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. ज्या कौन्सिलने मॅनेजरवर नजर ठेवायची तीच त्याच्यासोबत जेवायला बसली होती, आणि बाहेरून बघणारं कोणी नव्हतं.

आणि फ्लिंट. मिशिगनमधल्या या शहराची आर्थिक हालत बिघडली म्हणून राज्याने वरून इमर्जन्सी मॅनेजर बसवला, निवडून आलेले महापौर आणि कौन्सिल होते पण निर्णय त्यांच्या हातात नव्हते. त्याच काळात, एप्रिल २०१४ मध्ये, पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घेणं सुरू झालं, त्या पाण्यावर गंज रोखण्याची जी प्रक्रिया करायला हवी होती ती केली नाही, जुन्या पाइपांमधलं शिसं नळाला आलं. लोक बाटल्यांमध्ये पिवळं पाणी भरून सभेत दाखवत होते, पण दाखवायचं कोणाला? ज्याला मत दिलं त्याच्याकडे अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला आपलं मत नको. "पुढाऱ्यांपेक्षा अधिकारी बरे" असं कोणी म्हणालं की मला या बाटल्या आठवतात, राहवत नाही.

महाराष्ट्राची पद्धतही या रांगेत ठेवून बघण्यासारखी आहे, कारण ती धड इकडची नाही धड तिकडची नाही. महापालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, पण डेटनसारखा तो शहराने नेमलेला नसतो, राज्य सरकार पाठवतं. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो. २०१६ मध्ये नवी मुंबईत नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला, तरी सरकारने त्यांना तिथेच ठेवलं, बदली झाली ती पुढच्या वर्षी. आता मुंढे बरोबर होते का नगरसेवक यावर तासन् तास भांडता येईल, आणि मला स्वतःला मुंढेंची कडक शिस्त आवडायची, पण आपला प्रश्न तो नाहीच, प्रश्न हा की शेवटचा निर्णय शहराबाहेर झाला. नगरपालिकांमध्ये तर थेट नगराध्यक्ष २०१६ ला आणला, २०२० ला रद्द केला, २०२२ ला परत आणला. सरकार बदललं की नियम बदलतो, म्हणजे लोकांच्या सोयीपेक्षा कोणाला जागा जास्त मिळतील हा हिशेब पुढे. आणि थेट नगराध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्या पक्षाचं असं झालं की विषयपत्रिकेवरच भांडण सुरू होतं आणि विकासकामं लटकतात.

या लटकण्यावर इटलीने १९९३ च्या कायद्यात एक उपाय काढला. महापौर थेट निवडायचा, आणि मोठ्या शहरांत त्याला पाठिंबा देणाऱ्या पक्षांच्या उमेदवार याद्यांना सहसा ६० टक्के जागा मिळतील अशी सोय करायची, म्हणजे पहिल्या दिवसापासून बहुमत पक्कं. पण सोबत अट अशी की कौन्सिलने महापौरावर अविश्वास आणला तर महापौर जातो आणि कौन्सिलही बरखास्त होतं, सगळ्यांनाच परत लोकांसमोर जावं लागतं. नुसती धमकी म्हणून कोणी अविश्वास आणत नाही, कारण आपलीही खुर्ची जाते. रोममध्ये २०१५ मध्ये असंच झालं, अर्ध्याहून जास्त सदस्यांनी एकदम राजीनामे दिले आणि महापौर मारिनो यांच्यासकट सगळं कौन्सिल गेलं. टोरांटोत असा रस्ताच नव्हता. २०१३ मध्ये महापौर रॉब फोर्ड ड्रग्जच्या प्रकरणात अडकले, राजीनामा देईनात, कौन्सिलला त्यांना काढता येईना, शेवटी कौन्सिलने त्यांच्या ऑफिसचं बजेट आणि बरेच अधिकार काढून उपमहापौराकडे दिले. तिथली पॉवर मुळात कौन्सिलने दिलेली होती म्हणून हे जमलं. २०२२ मध्ये टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओच्या सरकारने टोरांटोच्या महापौराला कायद्यानेच पॉवर दिली, इतकी की प्रांत सरकारने ठरवलेल्या ठरावीक विषयांवर एक तृतीयांशाहून थोडे जास्त सदस्य सोबत असले तरी नियम पास करता येतो. लोकशाहीत अल्पमताने कायदा, हे माझ्या गळी उतरत नाही, घरबांधणीची घाई कितीही खरी असली तरी.

ब्रिस्टलचं पण सांगतो. २०१२ मध्ये इंग्लंडच्या दहा शहरांत थेट महापौर हवा का असं विचारलं, हो म्हणाली फक्त ब्रिस्टल. दहा वर्षं अनुभव घेऊन २०२२ मध्ये त्याच ब्रिस्टलने पद रद्द करायला मत दिलं, आणि २०२४ पासून तिथे समित्यांचा कारभार आहे. म्हणजे आज चुकीचं मत दिलं तर कायमचं अडकलो असं नाही, फक्त परत फिरायचा दरवाजा कायद्यात हवा.

तर निवडायचं काय? शहर मोठं असेल, वाहतूक, घरं, कचरा असे विषय दहा वॉर्डांतून आरपार जाणारे असतील, आणि महापौराच्या विरोधात बोलणारे सदस्य आणि मोकळा प्रेस असेल, तर मी स्ट्राँग महापौराच्या बाजूने जाईन, बजेट आणि नेमणुका त्याच्याकडे द्या, निदान हिशेब एकाकडे मागता येईल. शहर लहान असेल, भांडणं कमी आणि नळ-रस्ते नीट चालवणं एवढंच काम असेल तर मॅनेजर बरा, फक्त त्याचा पगार आणि करार सगळ्यांना दिसेल असा जाहीर हवा, बेलमध्ये एवढं असतं तरी पुरलं असतं. सभागृहात वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं पाशवी बहुमत असेल तर महापौराला आणखी पॉवर देऊ नका, शिकागोचे ४० हात आठवा. आणि अधिकारी वरचं सरकार नेमणार, पैसाही वरूनच येणार अशी स्थिती असेल तर महापौर थेट निवडा नाहीतर आडवा निवडा, आधी ती नेमणूक शहराकडे आणायची मागणी करा.

स्ट्राँग महापौराला हो म्हणतानाही माझी एक अट पक्की आहे, आणि मसुदा हातात आला की मी ती सगळ्यात आधी शोधेन. महापौराच्या टर्मपेक्षा लांब चालणारा कुठलाही करार, जमीन, मीटर, पाणी काहीही, निदान महिनाभर आधी लोकांसमोर ठेवायचा आणि दोन तृतीयांश मतांशिवाय सही करायची नाही. शिकागोत ४० मतं म्हणजे दोन तृतीयांशही सहज होती, म्हणून नुसती मतांची अट पुरत नाही, तो महिनाच जास्त महत्त्वाचा, कारण इन्स्पेक्टर जनरलने जो हिशेब नंतर मांडला तो मतदानाच्या आधी मांडता आला असता. हे कलम नसेल तर उमेदवार कितीही चांगला असो, मी विरोधात मत देईन.