घडीची बाबागाडी : आठ महिने आणि दोन परदेश प्रवासांनंतरचा अनुभव

परदेशातल्या नातेवाइकांकडे जायचे ठरले तेव्हा आमची मुलगी १६ महिन्यांची होती. विमानाच्या केबिनमध्ये नेता येईल अशी घडीची बाबागाडी आम्ही त्या प्रवासासाठीच घेतली. गाडीचे वजन ६ किलो, घडी केल्यावर माप ५४ × ४३ × २० सेंमी आणि भारमर्यादा २२ किलो. त्यानंतरच्या आठ महिन्यांत दोन मोठे प्रवास झाले, पाच नातेवाइकांच्या घरी मुक्काम झाला आणि एरवीची रोजची फिरतीही हिच्यावरच झाली.

‘केबिनमध्ये चालते’ हा जाहिरातीतला दावा अर्धाच खरा आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने केबिन बॅगेसाठी सुचवलेल्या ५६ × ४५ × २५ सेंमी या मापात ही गाडी बसते. पण ते माप कंपन्यांवर बंधनकारक नाही, आणि बऱ्याच कंपन्या रुंदी ४० सेंमीच धरतात, तिथे ही ३ सेंमीने जास्त भरते. एकूण आठ उड्डाणांपैकी तीन वेळा ती आमच्या डोक्यावरच्या कप्प्यात गेली. उरलेल्या पाच वेळा विमानाच्या दारापाशी चिठ्ठी लावून जमा करावी लागली. जमा करायला पैसे पडले नाहीत, म्हणून त्याचे मला काही वाटलेही नसते. पण पहिल्याच प्रवासात, विमान बदलायचे होते त्या ठिकाणी, गाडी आता थेट शेवटच्या मुक्कामी सामानाच्या पट्ट्यावर मिळेल असे कळले, आणि झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन आम्ही आळीपाळीने अडीच तास काढले. तेव्हापासून गाडी जमा करतानाच ‘मधल्या विमानतळावर परत मिळणार का’ हे मी विचारून घेते, आणि मुलीला अंगाशी बांधायचा कॅरिअर हातातल्या पिशवीत ठेवते. समोरचा आडवा दांडा आणि खालच्या टोपलीतल्या वस्तू आधीच काढून घ्याव्यात. आमचा दांडा त्या प्रवासात गेला तो गेलाच.

एका हाताने घडी होते, हे मात्र खरे आहे. फक्त तो हात मोकळा असायला हवा. सुरक्षा तपासणीत मुलाला उतरवून गाडी घडी करून यंत्रातून पाठवावी लागते, आणि त्या क्षणी एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात पासपोर्ट आणि मागे रांग असते. घडी पायाने आवरता येत नाही, त्यामुळे दोघे असाल तरच हे सुरळीत पार पडते. एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी घरी मूल कडेवर घेऊन दहा-वीस वेळा सराव करून पाहावा.

गाडीचा खरा उपयोग विमानतळावर नव्हे, तर नातेवाइकांच्या घरी झाला, आणि याची आम्ही खरेदी करताना कल्पनाच केली नव्हती. दर चार दिवसांनी नवे घर, नवी खोली आणि उचलून घ्यायला उत्सुक असलेली, मुलीच्या दृष्टीने पूर्णपणे अनोळखी माणसे, अशा स्थितीत बदलत नव्हती ती एवढीच जागा. आत्याने हात पुढे केले की ती स्वतःहून गाडीत चढून बसे आणि तिथून सगळ्यांचे निरीक्षण करी. तासाभराने स्वतःच उतरून आत्याकडे जाई. वेळेच्या फरकामुळे पहिले चार-पाच दिवस ती पहाटे तीनलाच जागी व्हायची, तेव्हा यजमानांची झोप न मोडता तिला बैठकीच्या खोलीत फिरवता आले. पाठ मात्र पूर्ण आडवी होत नाही, त्यामुळे रात्रीच्या झोपेसाठी ही गाडी अजिबात वापरू नये. दुपारच्या झोपेतही पट्टा लावलेला हवा आणि लक्ष हवे. उजेड येऊ नये म्हणून वरून जाड पांघरूण टाकले तर आतली हवा कोंडून तापते.

उणिवा सांगायच्या तर चाके लहान आहेत. सपाट फरशीवर गाडी बोटाने ढकलली जाते, पण दगडी रस्त्यावर किंवा खडीवर पुढची चाके अडतात आणि उलटे वळून ओढत न्यावी लागते. दांडीची उंची कमी-जास्त होत नाही. उंच आजोबांना ती वाकून ढकलावी लागली. आणि दांडीला पिशवी अडकवू नका : मुलीला उचलताच हलकी झालेली गाडी पिशवीच्या भाराने मागे उलटली. सुदैवाने ती तेव्हा माझ्या कडेवर होती.

दुसऱ्या प्रवासात मुलीला दोन वर्षे पूर्ण झाली. त्यामुळे मांडीवर बसवून नेण्याची मुभा संपली आणि परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागले. तिकीट काढताना परतीच्या दिवशीचे वय पाहावे लागते. आता ती हट्टाने चालते, पण एक किलोमीटर झाला की गाडी मागते. पुढचे उजवे चाक मध्यंतरी कुरकुरू लागले होते. आसात गुंडाळलेले केस काढून सिलिकॉनचा फवारा मारल्यावर आवाज थांबला. साधे तेल मी मुद्दाम टाळले, कारण त्याला धूळ चिकटते. आत्यांकडे पुढच्या वेळी जाताना हीच गाडी न्यायची आहे, फक्त गेलेला दांडा वेगळा मिळतो का ते पाहते आहे.