जुन्या लाकडी फर्निचरसाठी कोणता रंग? चॉक पेंट, वॉटर-बेस्ड इनॅमल की ऑइल पेंट

जुनं कपाट किंवा टेबल रंगवायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती छटेची. हिरवा बरा की करडा, पांढरा मळेल का, वगैरे. माझ्या मते छटा सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी रंगाचा प्रकार ठरवा. तो ठरतो दोन गोष्टींवर: त्या वस्तूला रोज किती हात लागणार आहेत आणि तिच्यावर आधी काय लावलेलं आहे.

दुसरी गोष्ट पाच मिनिटांत कळते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसावर तपकिरी डाग आला, तर ते लाखेचं म्हणजे स्पिरिट पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल, तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनसारखं कडक फिनिश आहे असं समजा. अशा गुळगुळीत फिनिशवर रंगाला धरायला जागाच मिळत नाही, त्यामुळे तिथे घासकामाला पर्याय नाही. जुन्या रंगाचे जाड थर असतील तर मात्र पॉलिश पेपर हातात घेण्याआधी थांबा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, बऱ्याच देशांत त्याहून उशिरा. शंका असेल तर आधी चाचणी करून घ्या. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि त्याची धूळ लहान मुलांच्या आसपासही येऊ द्यायची नाही.

आता चॉक पेंट. हा रंग १९९० साली ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी बाजारात आणला आणि पुढे त्या धर्तीचे इतर कंपन्यांचे रंगही आले. याचं मोठं आकर्षण म्हणजे बहुतेक पॉलिशवर तो फारसं न घासता बसतो. तेलकट मेण आणि हातांचा मळ मात्र धुऊन काढावाच लागतो. रंग दाट असतो, पटकन वाळतो, दोन हात एका दिवसात होतात आणि वास नावापुरता. नवशिक्यासाठी याहून सोपा रंग नाही.

कोरीव काम असलेल्या वस्तूवर तर चॉक पेंटची सर दुसऱ्या कुठल्याच रंगाला येत नाही. समजा, पाठीवर वेलबुट्टी असलेली खुर्ची आहे. फिका रंग वाळल्यावर उंचवट्यांवरून २२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका फिरवायचा. पानांच्या कडांवर खालचं लाकूड डोकावू लागतं. मग साधं मेण लावून, त्यावर गडद मेण ब्रशने खोबणींत भरायचं आणि वरचं जादा मेण कापडाने पुसून घ्यायचं. खोलगट भागात सावली राहते आणि एरवी लक्षात न येणारी प्रत्येक शीर उठून दिसते. चकचकीत रंगात हेच कोरीवकाम गिळलं जातं.

पण चॉक पेंट स्वतः कणखर नाही. वरून मेण किंवा वॉर्निश लागतंच. मेणाचा हात सुंदर दिसतो, स्पर्शालाही मऊ लागतो, पण गरम कप ठेवला की डाग पडतो आणि वापरातल्या पृष्ठभागावर मेण पुन्हा पुन्हा लावत राहावं लागतं. शिवाय एकदा मेण लावलं की त्यावर वॉटर-बेस्ड वॉर्निश धरत नाही, म्हणजे नंतर मत बदललं तर सगळं मेण आधी उतरवा. म्हणून जेवणाच्या टेबलाच्या फळीला चॉक पेंट आणि मेण ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. आरशाची चौकट, कोपऱ्यातलं छोटं टेबल, शोभेची खुर्ची यांना खुशाल द्या.

रोज उघडझाप होणारी कपाटं, ड्रॉवर, अभ्यासाचं टेबल यांसाठी माझं मत वॉटर-बेस्ड ॲक्रिलिक इनॅमलला. पांढरा रंग वर्षानुवर्षं पांढराच राहतो, ब्रश पाण्याने धुता येतो, दुसरा हात काही तासांत देता येतो. मेहनत आहे ती आधीची: पृष्ठभाग धुणं, चमक जाईपर्यंत घासणं, भेगांत लांबी भरणं, प्राइमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. इथे टंगळमंगळ केली तर नखाने ओरखडलं तरी पोपडा निघतो. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हा रंग हाताला लवकर कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तेवढ्यात कपाटाचं दार घट्ट लावून ठेवलं तर दार आणि चौकट एकमेकांना चिकटतात आणि उघडताना रंग सोलून येतो. तोवर दारं किलकिली ठेवा आणि वर जड वस्तू ठेवू नका.

ऑइल पेंटचा जोर अजूनही त्याच्या अंगच्या कडकपणात आहे. सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेषा आपसूक बसतात आणि पृष्ठभाग आरशासारखा होतो. पण प्रत्येक हातानंतर साधारण एक दिवस थांबायचं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचे, आणि वास बरेच दिवस रेंगाळतो. ड्रॉवरच्या आत तर तो कपड्यांनाही लागतो. पांढरा ऑइल पेंट, विशेषतः उजेड न पोचणाऱ्या जागी, पिवळा पडतो. म्हणून गडद छटा आणि उघड्यावर काम करायची सोय असेल, तरच याच्याकडे वळा. रंग पुसलेल्या तेलकट चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवा.

मिल्क पेंट थोडक्यात: दुधातलं केसीन, चुना आणि रंगद्रव्य यांची पूड, पाण्यात कालवून लगेच वापरायची. कोऱ्या लाकडात छान मुरतो, जुन्या पॉलिशवर मनाला येईल तिथे पोपडे धरतो. तो जीर्ण लूकच हवा असेल, तरच घ्या.

रंग कुठलाही घ्या, सागवान, महोगनी, ओक अशा लाकडांवर फिकी छटा देणार असाल तर प्राइमरवर कंजुषी नको. या लाकडांतला अर्क पाण्यासोबत वर येतो आणि पांढऱ्यावर पिवळट-तपकिरी ढग उमटतात. रंगाचे कितीही हात चढवले तरी ते पुन्हा फुटतात. लाखेचा प्राइमर त्यांना खालीच अडवतो. पाइनच्या गाठींतून पाझरणाऱ्या राळेलाही तोच उपाय.

आणि लाकूड मुळातच देखणं असेल, फक्त पॉलिश मळलेलं असेल, तर रंगवूच नका असं मी म्हणेन. रंग लाकडाच्या छिद्रांत शिरला की तो पूर्ण काढणं फार कष्टाचं होतं. वर पातळ व्हेनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा असेल तर घासता घासता तेच फाटायची भीती. निर्णय होतच नसेल, तर वरची फळी पॉलिशमध्येच ठेवून फक्त पाय आणि चौकट रंगवा. फळीचं लाकूड दिसत राहतं, आणि पुढे मन बदललं तर फक्त खालचाच रंग काढावा लागतो.