ट्रायको परत आलंय: तोच डोस, सात दिवसांचा कोर्स की टिनिडाझोल?

ट्रायको म्हणजे ट्रायकोमोनियासिस, संबंधांतून पसरणारा संसर्ग. गोळ्या घेतल्या, आठ-पंधरा दिवस बरं वाटलं आणि परत तेच, हिरवट-पिवळं फेसाळ पाणी, खाज, लघवीला आग. मग मेडिकलवाला म्हणतो तोच डोस परत घ्या, मैत्रीण म्हणते औषधच बदल, रेझिस्टन्स झाला असणार, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नसणार. मी बरीच वर्षं लॅबमध्ये काढलीत म्हणून सांगते, रेझिस्टन्स असतो पण तो पहिला संशयित नाही. पहिला संशयित घरातच असतो! पुरुषांना बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे "मला काय झालंय?" म्हणून त्याची गोळी खिशातच राहते, आणि बायको बरी होऊन परत त्याच्याकडूनच घेते. दोघांनी एकदमच औषध घ्यायचं आणि दोघांचं पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नाही, हे झालं नसेल तर पुढची तुलना वाचून काही उपयोग नाही.

एक डोस की सात दिवस? मेट्रोनिडाझोलचा एक डोस म्हणजे 2 ग्रॅम, 400 च्या पाच गोळ्या एकदम, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव आणि मळमळ, पण एका झटक्यात मोकळं. सात दिवसांच्या कोर्समध्ये 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, विसरायला भरपूर वाव. तरी बाईसाठी मी सात दिवसच निवडेन. अमेरिकेतल्या 2018 च्या ट्रायलमध्ये एचआयव्ही नसलेल्या बायकांमध्ये एक डोसवाल्या 19 टक्के महिन्याभराने परत पॉझिटिव्ह निघाल्या, सात दिवसवाल्या 11 टक्के. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये हाच कल 2010 लाच दिसला होता, म्हणून एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असेल तर एका डोसवर समाधान मानू नका, सात दिवसांचं स्वतःहून विचारा. आपल्याकडे सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) हिरवं किट मिळतं, त्यात मेट्रोनिडाझोलच्याच घराण्यातलं सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, फुकट आणि समोरच घेऊन मोकळं. सेक्निडाझोल शरीरात जास्त वेळ टिकतं हे खरं, पण त्रास परत आला तर तेच किट पुन्हा नेऊ नका, तपासणी मागा.

आता दोघांनीही नीट घेतलं, संबंध नाहीत, सात दिवस पूर्ण झाले आणि तरी आहेच, तर रेझिस्टन्सचं बोलू. इथे मेट्रोनिडाझोल विरुद्ध टिनिडाझोल. दोन्ही एकाच घराण्यातली, म्हणून एकाला दाद न देणारा जंतू दुसऱ्यालाही थोडा निगरगट्ट असू शकतो, पण टिनिडाझोल शरीरात जास्त वेळ राहतं, पोटाला जरा सोसतं, आणि अमेरिकी आकड्यांत रेझिस्टन्स मेट्रोनिडाझोलला 4 ते 10 टक्के तर टिनिडाझोलला 1 टक्का. महाग मात्र आहे, आणि गरोदरपणात टाळतात, तिथे मेट्रोनिडाझोलच बरं. हा रेझिस्टन्स बहुतेकदा पूर्ण नसतो, डोस वाढवला की जंतू हरतो, म्हणून दोन्हीपैकी एक 2 ग्रॅम रोज सात दिवस देतात, तेही डॉक्टरच्या नजरेखाली, मनाने नाही. नुसतं मेट्रोनिडाझोलचं जेल लावून भागत नाही, कारण जंतू मूत्रमार्गात आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही बसलेला असतो.

तपासणीत पण फरक आहे. स्लाइड स्वस्त, पण ताजीच बघावी लागते, सलाईनच्या थेंबात तो नासपतीच्या आकाराचा जीव झटके देत पळताना दिसला तर पक्का, पण स्लाइड तासभर टेबलावर पडून गार झाली की तो थांबतो आणि पांढऱ्या पेशींत हरवून जातो, रिपोर्ट निगेटिव्ह! बऱ्याच केसेस अशा सुटतात. परवडत असेल तर पीसीआरसारखी, जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट करा, पण औषधानंतर दोन-तीन आठवडे थांबून, नाहीतर मेलेल्या जंतूचे अवशेष पकडले जातात. बायकांनी तीन महिन्यांच्या आत परत तपासायचंच.

एचआयव्हीचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. ट्रायकोने आतली त्वचा सुजते, बारीक जखमा होतात, आणि एचआयव्हीला हव्या असतात त्याच पेशी तिथे गोळा होतात, त्यामुळे लागण व्हायचा धोका साधारण दीडपट. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्या स्रावात व्हायरस जास्त येतो, ट्रायको बरं झालं की तो कमी होतो. तेव्हा परत परत ट्रायको होत असेल तर आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्र) जाऊन एचआयव्ही टेस्ट करून घ्या, फुकट असते, रिपोर्ट गुप्त राहतो, आणि नवऱ्यालाही त्याच दिवशी सोबत न्या.