पॉप-अप टप: हाताने उचलायचा की बटणावरचा?

फोक्सवॅगन कॅलिफोर्निया टी 6.1 ही राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन; मुक्कामी तिचा टप वर उचलला की वरच्या गादीवर झोपता येतं. तिच्या ‘कोस्ट’ आणि ‘ओशन’ या दोन प्रकारांतला एक मोठा फरक डोक्यावरच असतो. कोस्टचा टप हाताने उचलायचा, ओशनचा बटणावर वर जातो. विक्रेते हा फरक सोयीचा म्हणून सांगतात. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये अशी गाडी घेणाऱ्यांना आमचं सांगणं असं, की सोय नंतर बघा. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या द्रुतगती मार्गावर, ताशी 130 किलोमीटरने जाताना टप नीट बंद आहे याची खात्री तुम्ही कशी करणार, हे आधी ठरवा.

बहुतेक आधुनिक टपांची बिजागरी मागे असते आणि टप पुढून उचलला जातो. म्हणजे समोरचा वारा नेमका उघडणाऱ्या कडेवरच येतो. ताशी 50 किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 12 किलो वजनाइतका असतो, 100 ला 48 आणि 130 ला 80 च्या वर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. टप बंद असला तरी पुढच्या कडेवरून वारा वर वळताना तिथे वर ओढणारा जोर तयार होतो. एकाच बाजूचं लॉक लागलेलं असेल तर दुसरा कोपरा थरथरतो, फट वाढते आणि वारा आत शिरतो. उघड्या टपाने गाडी दहा फूटही पुढेमागे घेऊ नका. टपाचे दांडे उभा भार पेलतात, ब्रेकचा आडवा हिसका पेलायला ते नसतात.

हाताने चालणाऱ्या टपाला डिकीसारखे गॅस स्ट्रट किंवा स्प्रिंग असतात. ते टपाला सतत वर ढकलत असतात, त्यामुळे खाली धरून ठेवण्याचं सगळं काम लॉकवर पडतं. रायमो, एससीए यांसारख्या कंपन्यांच्या, बाहेरून बसवून घेतलेल्या टपांत हे काम बऱ्याचदा सीटबेल्टसारखे पट्टे आणि बक्कल करतात. पट्ट्याची कड उसवलेली नाही ना, बक्कलमध्ये वाळू अडकलेली नाही ना, एवढं बघितलं की निम्मी तपासणी झाली. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारख्या जोराने ओढा, दोन्ही बक्कल ‘टक्’ होईपर्यंत दाबा आणि आतून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळवा ठेवून टप वर रेटून बघा. जरा हलला तरी पुन्हा उघडून बंद करा. मग बाहेर येऊन दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते बघा. यात लॉक डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागतं, म्हणून आमचा कौल या टपाला.

बटणावरच्या टपाचा खरा फायदा उंचीने कमी असलेल्यांना आणि खांदा दुखणाऱ्यांना. पण टप पूर्ण बसेपर्यंत बटण सोडायचं नाही. गाडीतला इशारा टप कुठे आहे ते सांगतो, टपाभोवतीचं कापड चिमटीत सापडलंय का ते सांगत नाही, म्हणून बाहेरून फेरी मारावीच लागते. बॅटरी उतरली किंवा टप उचलणारा पंप बिघडला तर टप वरच अडकतो आणि गाडी जागची हलवता येत नाही. मग हँडबुकमध्ये दिलेल्या पद्धतीने तो हाताने उतरवावा लागतो. गाडी ताब्यात घेतानाच विक्रेत्यासमोर हे एकदा स्वतः करून बघा. भर पावसात, अंधारात ते पान शोधायची वेळ यायला नको.

दोन्ही प्रकारांत सगळ्यात जास्त घोळ कॅनव्हासचा, म्हणजे टपाभोवतीच्या कापडी भिंतींचा होतो. दारं-खिडक्या लावून टप खाली घेतला की आत कोंडलेली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते कडेत चिमटतं. कड बसत नाही, लॉक अर्धवट लागतं आणि पुढच्या प्रवासात कापडाला भोक पडू शकतं. म्हणून टप खाली घेताना सरकता दरवाजा किंवा एखादी खिडकी उघडी ठेवा. कापडाला मधोमध आत ओढणारी इलॅस्टिकची दोरी ढिली झाली असेल तर लगेच बदला, स्वस्तातलं काम आहे. वरच्या गादीवर जाड रजई ठेवून टप जबरदस्तीने दाबू नका. कापड ओलं असताना मिटलं असेल तर मुक्कामी पोचल्यावर लगेच उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

टपावर सोलर पॅनल बसवायचं असेल तर वाढीव वजन स्ट्रटला किंवा पंपाला झेपेल का, हे टप बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

लहान मुलं वरच्या गादीवर झोपून प्रवास करायचा हट्ट धरतात. तिथे सीटबेल्ट नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत वर कोणीही नाही. हे रोज सांभाळणं जमणार नसेल, किंवा प्रत्येक मुक्कामानंतर पाच मिनिटांची तपासणी नकोशी वाटत असेल, तर फियाट डुकाटोवर बांधलेली कायम उंच टपाची व्हॅन बरी. तिथे बंद करायला काही नाहीच. मात्र उंची साधारण 2.6 मीटर, त्यामुळे तळघरातली पार्किंग विसरा आणि पुलावरचा आडवा वारा जास्त जाणवेल. कॅलिफोर्निया 1.99 मीटर असल्याने 2 मीटरच्या आडव्या दांड्याखालून जेमतेम जाते.

साध्या व्हॅनचा पत्रा कापून टप बसवलेली जुनी गाडी घेत असाल तर कापलेल्या भागाभोवती मजबुतीची चौकट चिकटवलेली आहे का बघा आणि तिचं चाचणी प्रमाणपत्र मागा. टपाचा पत्रा आणि आडव्या पट्ट्या गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतात. हाच प्रयोग महाराष्ट्रातल्या गाडीवर करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफाराबद्दलचं कलम 52 आडवं येतं, तेव्हा कटर लावण्याआधी आरटीओत चौकशी करा.