जुन्या चाकांवर अकरा गिअर: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या रोड सायकलीच्या उजव्या हाताच्या, गिअर बदलण्याच्या दहा-गिअरी लिव्हरने गेल्या उन्हाळ्यात वयोमानानुसार काम थांबवले. तसाच सुटा लिव्हर कोठे मिळेना, म्हणून शिमानोचा १०५ आर७००० हा अकरा गिअरचा संच घेतला. तो कसा चालतो हे २०१८ पासून पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. माझा अनुभव त्या संचाखाली टिकून राहिलेल्या जुन्या चाकांचा आहे.

संच बसवून घ्यायला ज्या दुकानात गेलो, तेथे सायकल स्टँडवर चढण्याआधीच निकाल लागला होता. “सर, मागचं चाक नवीनच लागेल, आणि मग पुढचं जुनं कशाला ठेवता, जोडीच घेऊन टाका.” माझी चाके ३२ तारांची, हाताने तारा भरलेली आहेत, बेअरिंग मऊ फिरतात आणि साताऱ्याच्या रस्त्यांवर इतकी वर्षे वापरूनही त्यांचा आउट (वाकडेपणा) क्वचितच काढावा लागला आहे. अशी चाके मागच्या हबमधल्या केवळ १.८५ मिलिमीटरसाठी अडगळीत टाकायची, हे माझ्या हिशेबी स्वभावाला मुळीच पटले नाही.

अडचण खरी आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, आणि फ्रीहब म्हणजे ती ज्यावर चढते तो हबचा भाग. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहा गिअरच्या कॅसेटना एकच फ्रीहब चालतो. रोड सायकलींमध्ये अकरा गिअर आले तेव्हा चकत्यांमधले अंतर कमी करूनही एक चकती जास्त झाल्याने कॅसेट रुंदावली आणि फ्रीहब १.८५ मिलिमीटरने लांब करावा लागला. त्यामुळे नेहमीची ११-२८ किंवा ११-३२ दातांची (सर्वांत लहान ते सर्वांत मोठी चकती) कॅसेट जुन्या फ्रीहबवर चढवली, तर ती जागी आवळणाऱ्या लॉकरिंगला आटे पकडायला जागाच उरत नाही. यावर दोन जुगाड प्रचलित आहेत. एक म्हणजे अकरापैकी एक चकती काढून दहाच बसवणे, म्हणजे पैसे अकराचे आणि चाल दहाची. दुसरा म्हणजे कॅसेटची मागची बाजू लेथवर तासून घेणे. एमआयडीसीतील एका ओळखीच्या लेथवाल्याने तयारीही दाखवली होती, पण ज्या भागावर घाटात साऱ्या शरीराचे वजन येते तो तासून पातळ करण्याची हिंमत मला झाली नाही.

तिसरा मार्ग सरळ होता, पण तो दुकानात कोणीच सांगितला नाही. शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११-३४ दातांच्या कॅसेट जुन्या फ्रीहबवर जशाच्या तशा बसतात. तारा हबपासून रिंगेकडे जाताना आत कलतात, त्यामुळे केंद्रापासून जितके दूर जावे तितकी कॅसेट आणि तारा यांमधली जागा वाढते. ३४ दातांची चकती मोठी असल्याने तिचा दात्यांचा घेर या वाढलेल्या जागेत फ्रीहबच्या कडेबाहेर झुकवता आला आणि अडलेले १.८५ मिलिमीटर तेथे जिरले. नव्या, लांब फ्रीहबवर हीच कॅसेट बसवायची असेल तर मागे तेवढ्याच जाडीचे वॉशर घालावे लागते, म्हणून ते खोक्यात दिलेले असते. दुकानातल्या मुलाने खोक्यात आहे म्हणून ते माझ्या जुन्या फ्रीहबवरही चढवले, लॉकरिंग अर्थातच पकडेना, आणि “बघा सर, मी म्हणालो होतो,” असे म्हणून त्याने मजुरीही मागितली. मी चाक आणि कॅसेट उचलून राजवाड्याजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वॉशर काढून बाजूला ठेवले, लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळले आणि चहा सांगितला.

सुरुवातीला यवतेश्वरच्या घाटात सर्वांत हलक्या गिअरवर उभे राहून जोर लावला की मागून टिक-टिक असा आवाज येई. कॅसेटचा मोठा भाग तारांकडे झुकलेला असल्याने मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) पिंजराही तारांच्या अगदी जवळून जातो, आणि डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो माझा हँगर किंचित आत वाकलेला होता. दहा गिअरवर हे खपून गेले असते, अकरावर नाही. मिस्त्रींनी हँगर सरळ केला, आतल्या बाजूचा मर्यादा-स्क्रू थोडा आवळला, आणि आवाज थांबला. हे काम करून घेणाऱ्यांनी हँगर आधी तपासून घ्यावा, कारण पिंजरा तारांत अडकला तर वाचवलेल्या चाकाचेच तुकडे होतील.

आता मुख्य तक्रार. या कॅसेटमध्ये १६ दातांची चकती नाही. तिचा क्रम ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४ असा आहे, तर माझ्या जुन्या १२-२५ कॅसेटमध्ये १२ ते १७ एकेक दाताने चढत. कोरेगाव रस्त्याच्या सपाटीवर ताशी ३४ किलोमीटरने जाताना पेडलजवळच्या पुढच्या ५० दातांच्या चकतीसोबत मागच्या १७ वर मिनिटाला सुमारे ९२ पायफेऱ्या पडतात आणि १५ वर ८१. माझ्या पायांना हव्या असलेल्या ८६ फेऱ्या नेमक्या त्या गैरहजर सोळाव्या दातावर आहेत. पहिले काही आठवडे मी या एका चकतीवरून घरच्यांना आणि सोबतच्या सायकलस्वारांना इतके बोलून दाखवले की ते माझ्या पुढे निघून जाऊ लागले.

पावसाळ्यात माझे मत बरेच बदलले. जुन्या संचावर पुढे ३४ आणि मागे २५ हा सर्वांत हलका गिअर होता. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर चढावर ताशी साधारण दहा किलोमीटरचा वेग राखावा लागे, आणि यवतेश्वरच्या उभ्या वळणांवर तो मला राखता येत नसे. आता ३४ ला ३४, म्हणजे पायाच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी, आणि तेवढ्याच फेऱ्यांवर साडेसात किलोमीटरचा वेग पुरतो. कासच्या लाल चिखलात, समोरून वारा असताना, मी प्रथमच खोगिरावर बसून घाट चढलो. पसरणी घाटातही हेच झाले. अकरा गिअरची अरुंद साखळी मात्र त्या चिखलाने लवकर झिजते, त्यामुळे ती दर फेरीनंतर धुवावी लागते आणि मोजपट्टीवर ०.५ टक्के ताण दिसताच बदलावी लागते. जुन्या साखळीचे इतके लाड कधी केले नव्हते.

हिवाळ्यात सपाटीवर परतलो आणि सोळाव्या दाताची आठवण पुन्हा त्रास देऊ लागली, पण आता ती फक्त गटाने वेगात जाताना येते.

पुढे बारा गिअरवर जाण्याचा विचार असलेल्यांनी हा खटाटोप करू नये, कारण शिमानोच्या रोडच्या बारा गिअरच्या बहुतेक कॅसेटना किमान अकरा गिअरचा लांब फ्रीहब लागतो आणि जुनी चाके तेथे थांबतात. ज्यांचे बहुतेक सायकलिंग कराडच्या दिशेने हायवेवर, सपाटीवर आणि गटात होते, त्यांनी जुन्या फ्रीहबच्या कॅसेटवर समाधान न मानता नव्या चाकांचा खर्च करावा. ज्यांना शहरातून बाहेर पडताच घाट लागतो आणि ज्यांची चाके अजून सरळ फिरतात, त्यांनी फक्त कॅसेट घ्यावी आणि खोक्यातले वॉशर दुकानातल्या मुलाच्या हाती देऊ नये.